फाइलनामांची तुलना

फाइलनामांची तुलना : दोन फाइलनामे एकाच फाइलचा निर्देश करतात की भिन्न फाइलींचा, हे संगणकाच्या आज्ञावलीने ठरविण्याची क्रिया. वरवर पाहता ही दोन शब्द ताडून पाहण्याइतकी सोपी क्रिया वाटते. परंतु कोणती नावे समान मानावयाची याचे नियम प्रत्येक परिचालन प्रणालीचे (ऑपरेटिंग सिस्टीमचे), किंबहुना प्रत्येक फाइलव्यवस्थेचे निरनिराळे आहेत. त्यामुळे एका संगणकावर शेजारी शेजारी नांदणाऱ्या दोन फाइली दुसऱ्या संगणकावर नेताच एकमेकींना पुसून टाकू शकतात, किंवा डोळ्यांना दिसत असलेली फाइल आज्ञावलीला सापडत नाही. मराठी नावांच्या बाबतीत या अडचणीचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘वऱ्हाड’ हा शब्दच होय.

डॉस प्रणालीत नावाला आठ व विस्तारनामाला तीन अशी रोमन अक्षरांची मर्यादा होती आणि सर्व नावे मोठ्या लिपीत नोंदली जात. अमरावतीचे आजचे रोमन नाव बरोबर आठ अक्षरांचे असल्याने त्या चौकटीत बसे. १९११ च्या जिल्हा गॅझेटिअरमधील ‘अमरावती’चे ‘अम्राओटी’ असे वाचता येणारे इंग्रजी रूप सात अक्षरांचे, तेही बसे; मात्र ही दोन्ही रूपे एकाच शहराची आहेत हे संगणकास समजण्याचा प्रश्नच नव्हता. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरचे दहा अक्षरी रोमन नाव मात्र त्यात मावत नसे. १९९५ मध्ये विंडोज ९५ ने दीर्घ नावांची सोय केली, तेव्हा जुन्या आज्ञावलींसाठी अशा नावाची पहिली सहा अक्षरे, त्यापुढे तरंगचिन्ह व एक अंक असे लघुनाम आपोआप तयार होऊ लागले. हा अंक फाइली निर्माण होण्याच्या क्रमावर अवलंबून असतो. सबब लघुनामांच्या आधारे दोन संगणकांवरील फाइली ताडून पाहणे सर्वथा अविश्वसनीय ठरते.

रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांविषयी तीन प्रथा आढळतात. युनिक्स व तिच्या परंपरेतील लिनक्स या प्रणाली त्यांत भेद करतात. विंडोजची एनटीएफएस फाइलव्यवस्था (१९९३) नाव जसे दिले तसे जपते, पण तुलना करताना हा भेद मानीत नाही. त्यासाठी लागणारी अक्षरांची सारणी चकती सिद्ध करतानाच तिच्यावर लिहिली जाते. ॲपलच्या मॅक संगणकांवरील नेहमीची मांडणीही नाव जपते व भेद मानीत नाही. या प्रथांना अपवाद आहेत. विंडोज १० मध्ये २०१८ पासून एखाद्या ठराविक निर्देशिकेपुरता अक्षरभेद चालू करता येतो, तर लिनक्समधील एक्स्ट४ फाइलव्यवस्थेत २०१९ पासून तो बंद करता येतो. यावरून प्रणालीचे नाव पाहून नियम ठरविणे चुकीचे आहे हे उघड होते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने मराठी नावे या कटकटीतून सुटतात, पण त्यांच्यापुढे वेगळी अडचण उभी राहते.

‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्ध्या ‘र’चे आडवे रूप युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिले जाऊ शकते. पहिल्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर (षोडशमान संकेतांक ०९३१) व हलन्त येतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर हेच रूप उमटते. दुसऱ्यात साधा ‘र’ (०९३०), त्याखालचा नुक्ता व हलन्त अशी फोड असते. तिसऱ्यात साधा ‘र’, हलन्त व शून्य-रुंदी जोडक हे अदृश्य चिन्ह असते. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी ही रीत मान्य करण्यात आली आणि काही टंकनसाधने ती वापरीत आली. बहुतेक फाँटांत तिन्ही शब्द अगदी सारखे दिसतात. यूटीएफ-८ संकेतनात मात्र पहिल्याची लांबी १८ बाइट, तर उरलेल्या दोहोंची प्रत्येकी २१ बाइट भरते, आणि त्या दोहोंतील बाइटही जुळत नाहीत.

यांपैकी पहिली दोन रूपे युनिकोडच्या नियमांनुसार समतुल्य होत. त्यांना एका साच्यात आणण्याच्या क्रियेस प्रसामान्यीकरण म्हणतात. तिचे जोडरूप एनएफसी व फोडरूप एनएफडी या नावांनी ओळखले जाते. तिसरे रूप यांना समतुल्य नाही, त्यामुळे प्रसामान्यीकरण केले तरी ते वेगळेच राहते. एनटीएफएस व लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्था प्रसामान्यीकरण करीत नाहीत, म्हणून एकाच निर्देशिकेत ‘वऱ्हाड’ नावाच्या तीन फाइली सुखाने राहू शकतात. ॲपलच्या एचएफएस प्लस व्यवस्थेत (१९९८) नावे फोडरूपातच साठविली जात. विंडोजवरून आलेली फाइल अशा चकतीवर ठेवून पुढे लिनक्सवर नेली, तर तिच्या नावातील ‘ऱ’ फुटलेला असे आणि मूळ नावाने शोध घेणारी आज्ञावली ‘फाइल नाही’ असे उत्तर देई. २०१७ मध्ये मॅकवर आलेली एपीएफएस व्यवस्था दिलेले रूप जपते, पण तुलनेत पहिली दोन रूपे एक मानते. त्यामुळे लिनक्सवरील त्या दोन फाइली तिच्यावर उतरविताना एकीला जागा उरत नाही.

याहून धोक्याची गोष्ट अदृश्य चिन्हांची. एचएफएस प्लसच्या नेहमीच्या प्रकारात तुलनेच्या वेळी शून्य-रुंदी जोडक वगळला जाई. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. यांतील दुसरा शब्द तिसऱ्या रीतीने लिहिलेला असल्यास दोहोंतील भेद केवळ त्या जोडकावर उभा असतो. अशा चकतीवर मेळघाटातील दऱ्यांचा नकाशा आणि दर्याचा नकाशा ही एकच फाइल ठरे. हीच सवय सुरक्षिततेच्या दृष्टीनेही घातक ठरली : डिसेंबर २०१४ मध्ये गिट या आवृत्तिनियंत्रण साधनात असा दोष उघड झाला की, संरक्षित निर्देशिकेच्या नावात अदृश्य चिन्ह घुसविले असता साधनाला ते नाव वेगळे वाटे, पण चकतीला तेच वाटे.

विरामचिन्हांचाही उपद्रव असतो. महसुली कामातील ‘७/१२’ हे नाव विंडोज व लिनक्स या दोहोंत फाइलला देता येत नाही, कारण तिरपी रेघ ही निर्देशिका विभागण्याची खूण आहे. मॅकवर ते देता येते, पण आत तिरप्या रेघेच्या जागी अपूर्णविराम साठविला जातो आणि विंडोजला तोही चालत नाही. ‘अकोला जि.’ अशा नावाचा शेवटचा टिंब विंडोज सामान्यतः गाळून टाकते. लिनक्सवर टिंबासहित व टिंबाविना अशी दोन नावे होतात. लांबीची मर्यादा विंडोजमध्ये २५५ सोळा-बिट एककांची, तर लिनक्समध्ये २५५ बाइटांची आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेत असल्याने लिनक्सवर मराठी नावाला ८५ चिन्हेच मिळतात, आणि त्यांत काना, मात्रा, हलन्त हे सारे स्वतंत्रपणे मोजले जातात. गाव, तालुका, जिल्हा व वर्ष घालून केलेली कचेरीतील नावे येथे सहज अडखळतात.

आज्ञावली लिहिताना म्हणून मूळ नाव कधीही बदलू नये. ते जसेच्या तसे जपून तुलनेसाठी त्याची वेगळी किल्ली तयार करावी. किल्लीसाठी नावाचे जोडरूप करावे, आवश्यक तेथे भाषानिरपेक्ष रीतीने अक्षरभेद काढावा (तुर्की भाषेच्या नियमांत रोमन ‘आय’ची जोडी वेगळी असल्याने स्थानिक नियम वापरल्यास फसगत होते), आणि मराठीपुरता ‘र’, हलन्त व जोडक हा क्रम ‘ऱ’ व हलन्त यांत बदलावा. जोडक सरसकट काढून टाकण्याची सोपी वाट घेऊ नये. तसे केल्यास दऱ्यांचा पुन्हा दर्या होतो. ‘ॲ’ हे २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलेले अक्षर आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेले रूप यांनाही असाच स्वतंत्र नियम लागतो, कारण तीही समतुल्य नाहीत. देवनागरी ७ व रोमन लिपीतील सात यांचेही तसेच.

किल्ल्या जुळल्या म्हणजे फाइल एकच आहे असे मात्र सिद्ध होत नाही. केवळ संशय घेण्यास जागा होते. निर्णय फाइलव्यवस्थेलाच विचारावा. युनिक्स परंपरेत उपकरणाचा क्रमांक व आयनोड क्रमांक, तर विंडोजमध्ये चकतीचा अनुक्रमांक व फाइलचा ओळख क्रमांक जुळल्यास दोन्ही नावे एकाच फाइलची असतात. नवी फाइल लिहिताना ‘अगोदर आहे का’ असे पाहून मग लिहिण्याऐवजी, नसेल तरच निर्माण करावी अशी एकच आज्ञा द्यावी. नकला उतरविण्यापूर्वी सर्व किल्ल्यांची यादी करून टक्कर होणारी नावे माणसापुढे ठेवावीत. ‘मुर्तिजापूर’ व ‘मूर्तिजापूर’ किंवा अमरावतीची दोन रोमन रूपे यांचा मेळ कोणत्याही प्रसामान्यीकरणाने बसत नाही; त्यासाठी पर्यायी नावांची सूची हातानेच करावी लागते.