तुटलेले बोट किती वेळ वाट पाहते?

नालासोपाऱ्यात लहान कारखान्यांचे गाळे दाटीवाटीने उभे आहेत. कुठे प्रेस मशिन, कुठे कटर. तिथे काम करणाऱ्यांची मुले आपल्या वर्गात बसतात. त्यामुळे यंत्रात सापडून बोट तुटले तर काय करायचे, हा प्रश्न इथे पुस्तकी नाही. बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: 'बर्फात घालून न्यायचे.' ते अर्धेच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी बोट जाऊ शकते.

बोट तुटले की त्याचा रक्तपुरवठा थांबतो, पण पेशी लगेच मरत नाहीत. किती वेळ तग धरतील हे त्या कशाच्या पेशी आहेत यावर ठरते. एक प्रयोग करून पाहू या. उजव्या मुठीत डावा हात कोपराच्या जरा खाली धरा आणि डावी बोटे हलवा. मुठीत काहीतरी सरकते ना? बोटे वाकवणारे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात आणि तळहातात असतात. बोटात येतात त्या फक्त त्यांच्या दोऱ्या, म्हणजे स्नायुरज्जू.

स्नायूला प्राणवायू फार लागतो, म्हणून तो आधी मरतो. मनगटापाशी किंवा त्याच्या वर तुटलेला हात साध्या तापमानाला साधारण 6 तासांच्या आत जोडावा लागतो. स्नायू नसलेले बोट 12 तासांपर्यंत थांबते, थंड ठेवले तर 24 तासही. नालासोपाऱ्याहून लोकलने चर्चगेट सव्वा-दीड तासावर आहे. म्हणजे वेळ प्रवासात कमी जातो. तो जातो सूक्ष्मशस्त्रक्रियेची सोय नसलेल्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढण्यात. आधी फोन करून विचारावे.

थंड ठेवायचे, पण गोठवायचे नाही. बोट थेट बर्फात ठेवले तर पेशींतल्या पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फुटतात. नुसत्या पाण्यात बुडवले तर ते फुगते. म्हणून ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात उंच धरावा.

बोटातली रोहिणी (धमनी) जेमतेम 1 मिलिमीटर रुंद. ती केसाहून बारीक धाग्याने, सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. जपानमधील नारा येथे कोमात्सु आणि तामाई यांनी 1965 साली पूर्ण तुटलेला अंगठा असा जोडला. त्याआधी, 1962 साली, बॉस्टनमध्ये रोनाल्ड माल्ट यांच्या चमूने रेल्वे अपघातात खांद्याजवळ तुटलेला 12 वर्षांच्या मुलाचा हात जोडला होता.

रक्त वाहू लागले की हात जगला. तो कामाला येईल का, हे चेतातंतू ठरवतात. तुटलेली चेता शिवली तरी पुढचा भाग मरतो आणि नवे तंतू जुन्या नळीतून रोज सुमारे 1 मिलिमीटर वाढत जातात. मुलांना मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजू द्या. 18 सेंटिमीटर भरले तर 180 दिवस! दंडापासून हेच अंतर धरले तर दीड वर्षाहून जास्त होते, आणि एवढा काळ संदेशाविना राहिलेले तळहातातले स्नायू पुरते सावरत नाहीत. लहान मुलांत निकाल बरा लागतो.

घाटकोपर स्थानकात जानेवारी 2014 मध्ये लोकल पकडताना एका विद्यार्थिनीचे दोन्ही हात गेले. ऑगस्ट 2020 मध्ये परळच्या एका रुग्णालयात तिच्यावर दोन्ही हातांचे प्रत्यारोपण झाले. दुसऱ्याच्या हातातही चेतांची गती तीच; शिवाय शरीराने तो परका हात नाकारू नये म्हणून औषधे जन्मभर.

पण प्रत्येक बोट जोडावेच असे नाही. अंगठा, एकाहून जास्त बोटे किंवा लहान मुलाचे बोट असेल तर शल्यचिकित्सक शक्यतो प्रयत्न करतात. मोठ्या माणसाचे एकच बोट मुळाशी तुटले तर मात्र जोडल्यावरही ते ताठ राहून पकडीत आड येऊ शकते. रोजंदारीवरच्या कामगाराला व्यायामोपचाराचे काही महिने परवडतील का, हाही विचार करावा लागतो. त्याने जखम शिवून लवकर कामावर जायचे ठरवले, तर ते अडाणीपणाचे म्हणू नये.

हा निर्णय मात्र रुग्णालयात व्हावा, गाळ्यात नव्हे. चिरडलेला तुकडाही टाकू नये. तो जोडता आला नाही तरी त्यातली कातडी, हाड किंवा चेता शेजारच्या जखमी बोटाला वापरता येते.