खाऱ्या हवेतला एक बोल्ट

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं उत्तरेकडचं शेवटचं गाव झाई. पलीकडे उंबरगाव, म्हणजे गुजरात. खाडी, समुद्र आणि मासेमारी बोटींच्या अशा गावात विजेवरची गाडी रात्रभर उघड्यावर राहिली आणि सकाळी चालू करताच डॅशबोर्डचे दिवे लुकलुकू लागले, तर काळजाचा ठोका चुकतो. पडद्यावर चार्ज ८० टक्के, आणि त्याच पडद्यावर ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग असे इशारे एकामागून एक पेटतात. एका रात्रीत एवढं सगळं बिघडलं?

बहुतेक वेळा यातलं काहीच बिघडलेलं नसतं. तीनशे-चारशे व्होल्टची ती मोठी बॅटरी डॅशबोर्डला थेट वीज देतच नाही. दिवे, वायपर, कुलपं, गाडीतले सगळे छोटे संगणक चालतात ते १२ व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीवर. २०२० साली आलेल्या नेक्सॉन ईव्हीची मोठी बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची होती; ४० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत अर्धा किलोवॉट-तासही मावत नाही. पण मोठ्या बॅटरीची वीज बाहेर सोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे दणकट स्विच, जोडले जातात ते या चिमुकल्या बॅटरीच्याच जोरावर. ती उतरली की भरलेली मोठी बॅटरी जागच्या जागी कुलूपबंद!

गाडी जागी झाली की डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून छोटीला चार्ज करतो. पेट्रोलच्या गाडीत बॅटरी थकली की स्टार्टर कण्हतो, मालकाला आधीच कळतं. इथे स्टार्टरच नाही. बॅटरी गुपचूप म्हातारी होते आणि पहिली तक्रार दिव्यांतून बाहेर पडते.

पण दिवे नुसते मंद न होता लुकलुकतात का? मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की संगणक स्वतःला बंद करतो. तो बंद झाला की विजेची ओढ कमी होते, व्होल्टेज पुन्हा चढतं. चढलं की तो पुन्हा सुरू होतो, ओढ वाढते, व्होल्टेज पुन्हा कोसळतं. हे चक्र आपोआप फिरत राहतं. जुन्या बल्बची तार तापलेली राहायची, त्यामुळे क्षणभराची घट डोळ्याला दिसतच नसे. एलईडी मात्र वीज तुटताच विझतो.

आता खारी हवा. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच विजेची परतीची वाट, आणि बॅटरीची ऋण केबल त्या सांगाड्याला बोल्टने कसलेली असते. मेकॅनिक म्हणतात ती ‘अर्थिंग’ हीच. त्या सांध्यावर मिठाचा अदृश्य थर बसतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं; समुद्री मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याहून कोरड्या हवेतही ओलं होतं. ओल्या मिठातून वीज वाहते, लोखंड गंजतं, तांब्यावर हिरवा कळंक चढतो. पहाटे ओल, दुपारी कोरडं. म्हणून सकाळी दिसलेला दोष गॅरेजला पोचेपर्यंत गायब होऊ शकतो, आणि सांगणारा माणूस उगीच खोटा पडतो.

हा दोष मल्टिमीटरच्या ओहमवर शोधू नये. सांध्यात ओहमचा एक दशांश रोध असला तरी २० अँपिअरच्या प्रवाहात तो २ व्होल्ट गिळतो; पण मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध जवळपास तेवढा असतो, मग त्याला तो दिसणार कसा? त्याऐवजी हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर चालू करावा आणि मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला, दुसरं सांगाड्याच्या उघड्या धातूला लावावं. आकडा शून्याच्या अगदी जवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर चोर सापडला. बॅटरीवर गाडी जागी असताना साडेतेरा ते साडेचौदा, आणि रात्रभर विश्रांती मिळालेल्या चांगल्या शिसे-आम्ल बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसायला हवेत. गाडी जागी असूनही आकडा बाराच्या घरातच राहिला, तर संशय कन्व्हर्टरवर. २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतातल्या आयोनिक ५ गाड्या परत बोलावल्या, त्या चार्जिंगच्या अशाच भागातल्या दोषामुळे.

सांधा दोषी असेल तर काम सोपं. आधी इशाऱ्यांचे कोड वाचून घ्यावेत, गाडी बंद करावी, पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमाने ऋण केबल सोडवावी, धातू चकचकीत होईपर्यंत घासावा, घट्ट कसावं, वरून पेट्रोलियम जेली लावावी. नारिंगी केबलींना मात्र हात लावायचा नाही. तिथे जीवघेणं व्होल्टेज असतं. ते काम प्रशिक्षित माणसाचंच. आणि लुकलुक फक्त मोबाइलच्या व्हिडिओत दिसत असेल तर काहीच करू नये: एलईडीचा उजेड कमी करायला तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केला जातो, ते डोळ्याला जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं.

२०२३ पासून रस्त्यावर आलेल्या टेस्ला सायबरट्रकमध्ये १२ ऐवजी ४८ व्होल्टची व्यवस्था आहे. तेवढ्याच कामाला प्रवाह चौथाई लागतो. तोच खराब सांधा मग २ ऐवजी अर्धाच व्होल्ट गिळेल, तोही ४८ मधून: सहाव्या हिश्शाऐवजी जेमतेम शंभरावा हिस्सा.