एका शास्त्रज्ञाची खतावणी : मासा आणि बॅटरी

मायकेल फॅरडे (१७९१–१८६७) यांच्या विद्युतविषयक लेखमालेची सूची चाळताना एक नोंद वाचकाला थबकवते. दहावा लेख सुधारित बॅटरीच्या रचनेविषयी आहे. सोळावा व सतरावा बॅटरीतील शक्ती कोठून येते, याविषयी. त्यांच्या अलीकडे, पंधराव्या लेखाचा विषय मात्र मासा! एवढा काटेकोर संशोधक मध्येच वाट चुकला की काय?

याचे उत्तर त्यांच्या लेखनपद्धतीतच सापडते. लोहाराच्या घरी जन्मलेल्या फॅरडे यांनी चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी पत्करली आणि पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आयुष्य वेचले. या लेखमालेतील परिच्छेदांना त्यांनी सलग क्रमांक दिले. माशाचा लेख १७४९ व्या परिच्छेदाने सुरू होतो, तर पुढचा बॅटरीचा लेख १७९६ व्या. रोजकीर्दीतील रकमेला खतावणीच्या पानाचा हवाला द्यावा, तसा प्रत्येक नव्या विधानाला जुन्या परिच्छेदाचा हवाला असे.

ही सारी खतावणी एका प्रश्नाभोवती उभी होती. घर्षणाची, बॅटरीची, चुंबकाची आणि प्राण्याच्या देहातील वीज एकच की निरनिराळी? १८३३ मध्ये त्यांनी या प्रकारांचे व त्यांच्या परिणामांचे कोष्टक मांडले आणि वीज एकच असल्याचा निष्कर्ष काढला. परंतु प्राणिज विजेचे काही रकाने कोरेच होते. कोरा रकाना त्यांना स्वस्थ बसू देईना.

१८३८ मध्ये दक्षिण अमेरिकेतील विजेचा धक्का देणारा, सुमारे ४० इंच लांबीचा मासा लंडनच्या ॲडलेड गॅलरीत आला. फॅरडे यांनी हात लावून त्याचा धक्का स्वतः सोसला. त्या विजेने पोलादी सुई चुंबकित झाली, रासायनिक विघटन घडले, ठिणगीही मिळाली. प्रवाह माशाच्या पुढील भागाकडून बाहेरच्या पाण्यातून मागील भागाकडे जातो, हे त्यांनी दाखवले. एका मध्यम धक्क्यातील वीज त्यांनी १५ लेडन पात्रांच्या संचाएवढी ठरवली.

मासा हा विषयांतर नव्हता; बॅटरीच्या खात्यावरील थकलेली नोंद होती. व्होल्टा यांनीही १८०० मध्ये आपल्या पहिल्या बॅटरीची तुलना विद्युत माशाच्या अवयवाशीच केली होती.

मोबाईलच्या बॅटरीवर छापलेला क्षमतेचा आकडा हा साठवलेल्या विजेचाच हिशेब असतो. किती विजेने किती पदार्थ बदलतो, याचा नियम फॅरडे यांनीच १८३४ च्या सुमारास मांडला होता. कोणाच्या कामाची यादी विस्कळीत दिसली, तर नावे मोजण्यापूर्वी त्यामागचा प्रश्न शोधावा. खाते कोणाचे, हे कळल्याशिवाय नोंदीला निरर्थक ठरवणे हिशेबाच्या रीतीला धरून नाही.