तीनचाकी स्कूटर कोण चालवतात आणि का?

बाजूला जादा चाकं लावलेल्या स्कूटरला आपण ‘तीनचाकी’च म्हणतो. ती चालवणारे बहुतेक चाळिशीपुढचे दिसतात. का?

एक कारण पोलिओ. भारतात वाइल्ड पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. त्यामुळे या आजाराने पाय अधू झालेले नवे तरुण आता फारसे येत नाहीत; जुन्यांचंच वय वाढतंय.

दुसरं कारण गुडघे. सिग्नलला दुचाकीचं वजन पायावर तोलावं लागतं, ते इथे टळतं. मात्र वळणावर ही गाडी झुकत नाही, म्हणून वेग कमीच ठेवा.

अब्बांसाठी अशी स्कूटर करून घेताय? मग बदलाची नोंद आरटीओतून आरसीवर करून घ्या. ५५ नंतर लायसन्स दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, तेही तपासा. चावी काढून घेण्याआधी हा पर्याय जरूर बघा.