प्रकाशित आणि अप्रकाशित निर्णय : एका संज्ञेचा अर्थ

रोजच्या व्यवहारातील शब्द कायद्याची संज्ञा बनला की त्याचा कोशातील अर्थ पुरेसा ठरत नाही. अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयांतील ‘अप्रकाशित निर्णय’ ही अशीच एक संज्ञा आहे. अप्रकाशित म्हणजे गुप्त, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात हे निर्णय न्यायालयांच्या संकेतस्थळांवर कोणालाही वाचता येतात. मग ते अप्रकाशित कसे?

या १३ न्यायालयांत अपील सहसा तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे चालते. पीठाच्या निर्णयाची दोन कार्ये संभवतात : समोरचा वाद मिटवणे आणि पुढील वादांसाठी नियम सांगणे. दोन्ही कार्ये करणारा निर्णय ‘प्रकाशित’ ठरतो. तो पूर्वनिर्णय म्हणून त्याच न्यायालयाच्या पुढील पीठांवर बंधनकारक असतो. ज्यात नवा नियम नाही, प्रस्थापित नियम केवळ लागू केला आहे, असा निर्णय बहुधा ‘अप्रकाशित’ ठेवला जातो. तो पक्षकारांना बांधतो, पुढील पीठांना मात्र बांधत नाही. अशा निर्णयांत कारणमीमांसा अनेकदा संक्षिप्त असते.

ही व्यवस्था ग्रंथांच्या वाढत्या पसाऱ्यातून आली. सर्वसाधारण महत्त्वाचेच निर्णय छापावेत, अशी शिफारस तेथील न्यायिक परिषदेने १९६४ मध्ये केली. आज या न्यायालयांचे चार-पंचमांशांहून अधिक निर्णय अप्रकाशित असतात. गंमत अशी की, २००१ ते २०२१ या काळात ‘फेडरल अपेंडिक्स’ या ग्रंथमालेत हेच ‘अप्रकाशित’ निर्णय छापलेही जात होते! म्हणजे ही संज्ञा छपाईची राहिली नव्हती, निर्णयाच्या दर्जाची झाली होती.

या दर्जावरून वादही झाला. ‘अनास्टासॉफ विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या प्रकरणात करपरताव्याचा अर्ज मुदतीत टपालात पडला, पण एक दिवस उशिरा पोहोचला. अशाच प्रश्नावर आठव्या परिमंडळाच्या न्यायालयाने १९९२ मध्ये करदात्याच्या विरोधात निर्णय दिला होता, परंतु तो अप्रकाशित होता. तो बंधनकारक नाही, असा युक्तिवाद करण्यात आला. ऑगस्ट २००० मध्ये न्यायमूर्ती रिचर्ड आर्नोल्ड यांच्या पीठाने तो फेटाळला. निर्णयांना पूर्वनिर्णयाचे बळ नाकारणारा नियमच घटनाबाह्य आहे, असे त्यांनी म्हटले. पुढे सरकारने रक्कम परत केली, वाद उरला नाही आणि त्याच वर्षी पूर्ण पीठाने तो निर्णय रद्द केला. २००१ मध्ये नवव्या परिमंडळाच्या न्यायालयाने ‘हार्ट विरुद्ध मसानारी’ या प्रकरणात नेमकी उलट भूमिका घेतली.

त्यानंतर आलेल्या नियम ३२.१ नुसार १ जानेवारी २००७ पासूनच्या अप्रकाशित निर्णयांचा दाखला देण्यास मनाई करता येत नाही. परंतु दाखला देता येणे वेगळे आणि तो बंधनकारक असणे वेगळे. हा भेद नीट लक्षात ठेवावा.

मूळ प्रश्न समतेचा आहे. सारख्या परिस्थितीतील दोन माणसांना सारखा न्याय मिळावा, ही अपेक्षा पूर्वनिर्णयाच्या तत्त्वामागे आहे. प्रत्येक निर्णय बंधनकारक केला, तर प्रत्येक वाक्य तोलून लिहावे लागेल आणि निकाल लांबतील. बहुसंख्य निर्णय बंधनमुक्त ठेवले, तर आज एकाला लावलेला नियम उद्या दुसऱ्याला टाळता येईल. ‘अप्रकाशित’ या एका विशेषणात हा पेच सामावलेला आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न : ‘अप्रकाशित’ऐवजी ‘अबंधनकारक’ ही संज्ञा वापरल्यास अर्थ अधिक स्पष्ट होईल का? सकारण लिहा.