उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरते? छोटं सोलर पॅनल वाचवेल

धारणी : पेरणी आटोपली की अनेकांचा ट्रॅक्टर महिना-दोन महिने शेडमध्येच उभा राहतो. मग ऐन कामाच्या दिवशी सेल्फ मारला तर नुसती टकटक! कारण बॅटरी वापरली नाही तरी हळूहळू उतरतच असते. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली ती बरेच दिवस राहिली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. मग कितीही चार्ज करा, ती पहिल्यासारखी चालत नाही आणि नव्या बॅटरीचा खर्च अंगावर येतो.

शेतातल्या शेडमध्ये लाइन नसली तरी उपाय आहे. १० ते २० वॅटचं सोलर पॅनल छपरावर दक्षिणेकडे तोंड करून बसवा. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. तो बॅटरी जास्त चार्ज होऊ देत नाही, रात्री करंट उलटा जाऊ देत नाही. जोडताना आधी बॅटरी, नंतर पॅनल. काढताना आधी पॅनल. ढगाळ दिवसांतही थोडा करंट येतो, रोजची उतरण भरायला तेवढा पुरतो. मात्र पूर्ण उतरलेली बॅटरी आधी चार्जरवर भरून घ्या, मगच पॅनल लावा.