रंध्याचे दुसरे पाते

रंधा विकत घेताना आपण पाहतो ते त्याचे पाते. त्यावर स्क्रूने आवळलेले दुसरे, बोथट पाते असते, त्याला कॅप आयर्न म्हणतात. ते स्वतः काहीच कापत नाही, त्यामुळे त्याची चौकशी सहसा होत नाही. मग शिसवीसारख्या उलटसुलट रेषेच्या लाकडातून तंतू उपसून खड्डे पडले, की दोष मात्र लाकडाला!

सालपट धारेवरून वर चढताना तरफेसारखे काम करते आणि पुढचे लाकूड उचकटते. कॅप आयर्नची कड धारेला अगदी लागून असेल, तर सालपट तिथेच मुरडून पुढे ढकलले जाते व उचकटणे थांबते. ही युक्ती जुनीच. फिलाडेल्फियात १७६७ साली दुहेरी पात्याच्या रंध्यांची जाहिरात झाली होती.

आता प्रकार. स्टॅन्लीच्या बेली रंध्यात कॅप आयर्न पातळ पत्र्याचे, टोकाशी कुबड काढलेले. ते स्प्रिंगसारखे दाबले जाते आणि कड पात्याला चिकटते. शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीने 'स्टे-सेट' दोन तुकड्यांत केले. वरचा भाग जागीच राहतो, पुढचा उचलून काढायचा आणि धार लावायची. स्क्रू सोडावाच लागत नाही. सोय मोठी, फक्त तो सुटा तुकडा हातातून निसटतो! जपानी रंध्यात वरच्या पात्याचे दोन्ही कान वाकवून ते पिनेखाली घट्ट बसवतात. ली-नीलसन आणि व्हेरिटास यांचे आजचे कॅप आयर्न जाड, सपाट आणि टोकाशी थोडे उतरते असते.

जाड म्हणजे चांगले, असे विक्रेते सांगतात. आमचे मत निराळे आहे. जाडीने थरथर कमी होते, हे खरे. पण जपानमधील यामागाता विद्यापीठात काटो आणि कावाई यांनी रंध्याच्या कापाचे चित्रीकरण केले, त्यात महत्त्व दिसले ते कडेच्या कोनाला आणि धारेपासूनच्या अंतराला. कड ५० ते ८० अंशांपर्यंत उभी आणि अंतर सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे एका कागदाएवढे, असले की उलट्या रेषेवरही पृष्ठभाग गुळगुळीत येतो. महागड्या कॅप आयर्नची कड बहुधा याहून तिरपी असते. तीही सहाणेवर घासून उभी करावी लागते.

शिवाय जुन्या रंध्यात जाड जोडी घालण्यात एक अडचण आहे. बेली रंध्यात खोली बदलणारा काटा कॅप आयर्नच्याच खाचेत शिरतो. पाते जाड झाले की काटा खाचेपर्यंत पुरेसा पोचत नाही, आणि तोंडही अरुंद पडते. मग कानस घेऊन तोंड वाढवावे लागते. नवी जोडी कित्येकदा जुन्या रंध्याहून महाग पडते, हे सोडाच.

त्यापेक्षा घरचेच पातळ कॅप आयर्न घ्यावे. कडेची खालची बाजू सहाणेवर सपाट करावी, पात्यावर ठेवून दोन्ही उजेडाकडे धरावीत. मधून उजेडाची फट दिसली तर सालपट तिथेच अडकणार, पुन्हा घासावे. मग वरची बाजू उभी करावी. राकट कामाला अंतर मिलिमीटरभर पुरे, शेवटच्या हाताला मात्र कागदाएवढे.

रंध्यातून कुरळी सालपटे निघाली की आपण खूष होतो. कॅप आयर्न नेमके बसले, की ती सरळ पट्टीसारखी वर येतात. चुरगळून तोंडात अडकू लागली, तर कड फार पुढे गेली आहे. केसभर मागे घ्यावी.